तिसऱ्यांदा विचारलंच नाही

कॉफी खरी होती. युद्धाची सगळी वर्षं भाजलेल्या सातूचं काळं पाणी पिऊन जिभेची चव मेली होती, त्यामुळे दाणे दळताना वास सुटला तेव्हा बोटिलाच्या डोळ्यांत चक्क पाणी आलं. तिने ते बाहीला पुसलं आणि कोणी पाहिलं तर नाही ना म्हणून मागे वळून बघितलं. मागे सासूबाई उभ्या होत्या आणि त्याही एप्रनच्या टोकाने डोळे टिपत होत्या.

"चुलीचा धूर फार होतोय," केस्टीनेबाई म्हणाल्या.

"हो ना," बोटिला म्हणाली. चूल व्यवस्थित पेटली होती.

एन्गगोर या शेतावरच्या घरात माणसं अशीच बोलत. जे मनात असेल ते सोडून बाकी सगळ्याबद्दल बोलायचं आणि समोरच्याने ते समजून घ्यायचं, ही या घराची रीत होती आणि खरं सांगायचं तर आमच्या सगळ्या मुलखाचीच. पण फेब्रुवारीतल्या मतदानापासून या घरातल्या दोन भावांनी तेवढंसुद्धा बोलणं सोडलं होतं. व्हर्सायच्या तहाने ठरवलं की आमच्या मुलखानेच सांगावं, जर्मनीत राहायचं की डेन्मार्कमध्ये जायचं. मुलखाने डेन्मार्क म्हटलं. धाकटा येप त्या दिवशी गावच्या सभागृहाच्या छपरावर चढून निशाण लावून आला. थोरला अस्मुस गोठ्यात जाऊन बसला तो धारांची वेळ टळून गेली तरी बाहेर आला नाही. तेव्हापासून दोघांचं जे काही बोलणं होई ते आईमार्फत, बोटिलामार्फत, आणि कोणीच नसेल तर घोडीमार्फत. "आज गवत उलटायला हवं," असं अस्मुस घोडीच्या कानात म्हणे, आणि येप गवत उलटायचं दाताळं खांद्यावर टाकून कुरणाकडे निघे.

आणि आज त्या कुरणाचाच निकाल होता.

घर स्केलबेक ओढ्याच्या उत्तरेला, कुरण दक्षिणेला. नवी सीमा ओढ्यावरून जाणार असं कागदावर ठरलं होतं. म्हणजे गाई जर्मनीत चरणार, दूध डेन्मार्कमध्ये तापणार, आणि मधल्या फळीच्या पुलावर बंदूक घेतलेला शिपाई रोज दोन वेळा बोटिलाची बादली तपासणार. ज्यांच्या शेताचे असे तुकडे पडत होते त्यांना विचारायला सीमा आयोगाचे साहेब गावोगाव फिरत होते. मालकाने म्हटलं तर रेघ थोडी सरकवायचा अधिकार त्यांना होता. कुरणाच्या पलीकडच्या टोकाला पाणी काढायचा जुना चर होता. रेघ तिथवर गेली की सगळं शेत एकत्र.

"येपला सांगा, बाहेर बूट काढून ये म्हणावं," अस्मुस दारातून म्हणाला. त्याने काळा कोट घातला होता आणि डाव्या हाताची उरलेली तीन बोटं खिशात लपवली होती. बाकीची दोन गॅलिशियाच्या आघाडीवर राहिली होती.

"अस्मुसला सांग, मी कधीच काढलेत," येप मागच्या खोलीतून ओरडला.

बोटिलाने कोणालाच काही सांगितलं नाही. तिचा हात राय धान्याच्या पावाच्या थराथरांच्या केकवर साय पसरण्यात गुंतला होता. तिला दोघांचाही राग येत होता, पण अस्मुसचा कमी. तिचा नवरा निस, म्हणजे या दोघांच्या मधला भाऊ, जर्मन गणवेशात फ्रान्समधल्या सोम नदीकाठच्या चिखलात गेला. ज्या देशासाठी तो गेला तो देशच आता दारातून उठून जाणार म्हटल्यावर अस्मुसला काय होत होतं ते तिला कळत होतं. येपचा आनंदही तिला कळत होता. फक्त तो इतका मोठ्याने का करायचा हे कळत नव्हतं.

आमच्याकडे पाहुण्यासाठी कॉफीचं टेबल मांडायचं म्हणजे सात प्रकार मऊ आणि सात प्रकार कडक. युद्धात हे सगळं बंद होतं. आज तिने साखर, लोणी, अंडी यांच्या बाबतीत हात सैल सोडला होता. वेलदोड्याचे गोल पाव, सफरचंदाचा केक, खुसखुशीत चकत्या, आणि अंड्याच्या पांढऱ्याचे फुगवलेले ते हलके तुकडे, ज्यांना आम्ही नुसतं 'काहीच नाही' म्हणतो. टेबलाकडे बघून केस्टीनेबाईंनी मान हलवली.

"फार काही केलं नाहीस," त्या म्हणाल्या.

याहून मोठी शाबासकी त्यांनी लग्नातसुद्धा दिली नव्हती. बोटिलाचा चेहरा उजळला.

*

मोटार आली, कोंबड्या उधळल्या आणि तीन साहेब आत आले. येपने त्यांना दारातच जोखलं. इंग्रज मेजर पेंडल उंच, घामेजलेला आणि घाईत. दुभाष्या म्हणून आलेला लेफ्टनंट ब्रामसेन कोपनहेगनचा, केस चापूनचोपून बसवलेला, आणि आमच्या बोलीकडे दूधवाल्याच्या बोलीसारखं हसून बघणारा. तिसरा जपानी कॅप्टन मोरिशिता, कारण आयोगात युद्ध जिंकलेल्या देशांची माणसं होती. त्याच्याकडे बघायचं नाही असं सगळ्यांनी ठरवलं होतं, त्यामुळे सगळे त्याच्याकडेच बघत होते.

येपला इंग्रजी येत होतं. जर्मन सैन्यात असताना इंग्रजांनी पकडल्यावर लंडनजवळच्या छावणीत, डॅनिश मनाच्या कैद्यांमध्ये त्याने ते बटाटे सोलता सोलता उचललं होतं. पण आईने आधीच बजावलं होतं, "तू गप्प बस. शेत माझं आहे आणि चालवतो अस्मुस. तू बोललास तर साहेबांना वाटेल घरात तीन मालक आहेत." ते खरंही होतं. आयोगाने मालकीण किंवा शेत चालवणारा मुलगा, दोघांपैकी एकाचाच शब्द धरायचा असं आधीच कळवलं होतं.

बोटिलाने पाव फिरवले. मेजरने ताट समोर येताच एक पाव उचलला. विचारलंही नव्हतं पुरतं! केस्टीनेबाईंनी नजर छताकडे वळवली.

आता इथे आमची रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं सगळं वेडेपणाचं वाटेल. आमच्याकडे पहिल्यांदा विचारलं की नको म्हणायचं. दुसऱ्यांदा विचारलं की खरंच नको, आत्ताच जेवून आलोय म्हणायचं. तिसऱ्यांदा आग्रह झाला की नाइलाज झाल्यासारखा चेहरा करून घ्यायचं. पहिल्या विचारण्याला हो म्हणतो तो हावरट, नाहीतर कोपनहेगनचा. हे खाण्यापुरतंच नाही. निसने बोटिलाला मागणी घातली तेव्हा तीही दोनदा नाही म्हणाली होती. दुसऱ्या आणि तिसऱ्या वेळेच्या मध्ये तो घोड्याला पाणी दाखवायला गेला, तेवढ्या वेळात ती अर्धमेली झाली होती.

ताट जपानी कॅप्टनपुढे आलं. त्याने छातीशी हात नेऊन मान हलवली. बोटिलाने पुन्हा पुढे केलं. पुन्हा मान हलली. तिसऱ्यांदा मात्र त्याने हळूच वाकून एक पाव उचलला आणि दोन्ही हातांत धरला.

"याची आई चांगल्या घरातली असणार," केस्टीनेबाई येपच्या कानाशी पुटपुटल्या.

कॉफीचे दोन पेले झाले. मेजरने सगळं चाखलं, सगळ्याची तारीफ केली आणि मग बशा बाजूला सारून नकाशा पसरला. येपने पाहिलं, अस्मुसने खिशातला हात बाहेर काढून मांडीवर ठेवला होता, ती तीन बोटं सगळ्यांना दिसतील असा. येपला एक क्षण त्याची कीव आली, आणि लगेच स्वतःचा रागही आला.

मेजर बोलला. ब्रामसेनने ते डॅनिशमध्ये केलं.

"बाई, आयोग विचारतोय, ओढ्यापलीकडचं कुरण तुमच्या घराबरोबर डेन्मार्कमध्ये यावं, अशी तुमची इच्छा आहे का? असेल तर आम्ही रेघ चरापर्यंत सरकवू."

केस्टीनेबाईंनी मांडीवरचा एप्रन नीट केला. गालांवर लाली चढली. आयुष्यात त्यांना इतकी मोठी गोष्ट कोणी देऊ केली नव्हती.

"छे छे," त्या म्हणाल्या, "नको हो. आमच्यासाठी कशाला एवढा त्रास. आहे तसं बरं आहे."

आणि त्या थांबल्या. सगळे थांबले. बोटिला कॉफीचं भांडं हातात धरून थांबली. अस्मुस थांबला. येपसुद्धा थांबला, आणि याच गोष्टीचं पुढे त्याला जन्मभर आश्चर्य वाटत राहिलं. त्याला इंग्रजी येत होतं, इंग्रज ठाऊक होते, सगळं ठाऊक होतं. तरी तोही इतरांसारखाच दुसऱ्या विचारण्याची वाट बघत बसला.

ब्रामसेन मेजरकडे वळला. "नको म्हणतात. आहे तसं ठीक आहे."

"ठीक," मेजर म्हणाला. त्याने नकाशावर ओढ्याच्या बाजूने निळ्या पेन्सिलची रेघ पक्की केली, नकाशाची घडी घातली आणि उभा राहिला. "उत्तम कॉफी. फार फार आभारी आहोत."

जपानी कॅप्टनने एकदा केस्टीनेबाईंकडे पाहिलं, मग मेजरकडे, आणि काहीतरी बोलायला तोंड उघडलं. पण मेजरने टोपी घातली होती. मोटार सुरू झाली, कोंबड्या पुन्हा उधळल्या, आणि खोलीत खाल्लेल्या बशा आणि चार माणसं उरली.

*

केस्टीनेबाई खुर्चीतच होत्या. त्यांच्या कानात अजून तो पोरगेला लेफ्टनंट बोलत होता आणि त्या मनातल्या मनात दुसऱ्या नकाराची तयारी करत होत्या.

"तो परत विचारेल ना?" त्यांनी विचारलं.

"आई, तो गेला," येप म्हणाला. त्याचा आवाज चिरकला. "गेला तो! ओढ्याच्या उतारावर खुंट ठोकायला गेला! काय केलंस तू हे?"

"एकदाच विचारलं रे त्याने."

"तो एकदाच विचारतो! त्यांच्यात एकदाच विचारतात!"

"मग तू का नाही बोललास?" बोटिला कडाडली. "तुला येते ना त्यांची भाषा? छावणीत काय नुसते बटाटे सोललेस?"

येपने खुर्ची मागे सारली. मग त्याने ज्या गोष्टीला सगळे घाबरत होते तीच केली. तो अस्मुसकडे वळला आणि थेट त्याच्याशी बोलला.

"तू खूश असशील आता."

अस्मुसने मान वर केली नाही. "मी काही बोललो का?"

"बोलायची गरजच काय? कुरण तिकडे राहिलं. कुरणातली निसची झोपडी तिकडे राहिली. तू सामान उचलशील आणि तिकडे जाऊन जर्मन म्हणून मरशील. आईला माहीत होतं ते. म्हणूनच नाही म्हणाली ती. तुझ्यासाठी!"

"येप!" केस्टीनेबाई म्हणाल्या.

"जाऊ दे की मग त्याला. जा. रोज सकाळी पुलावर येऊन हात हलवत जा आम्हाला."

"तोंड आवर," बोटिला म्हणाली. ती आतापर्यंत मनातून अस्मुसच्या बाजूला होती, पण आता तिने भांडं खाली ठेवलं आणि सासूच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिली. "ती झोपडी माझ्या नवऱ्याने माझ्यासाठी बांधली. कोणी जर्मन म्हणून मरायला नाही बांधली. आणि कोणी कोणाला जा म्हणायचं नाही या घरातून. एक गेलाय तेवढा पुरे."

अंगणात एक कोंबडी अजून मोटारीवर कुरकुरत होती.

केस्टीनेबाईंनी थोरल्याकडे पाहिलं. त्याचं टक्कल पडायला लागलं होतं. हा लहानपणी काही मागत नसे. भूक लागली तर पावाच्या डब्याशेजारी जाऊन उभा राहायचा. मतदानाच्या दिवसापासून तो असाच कशाच्या तरी शेजारी जाऊन उभा आहे, हे त्यांना दिसत होतं. त्यांनीही त्याला काही विचारलं नव्हतं. विचारलं आणि तो जातो म्हणाला तर काय करायचं, या भीतीने इतके महिने त्या कॉफीत साखर किती एवढंच विचारत आल्या होत्या.

"येप म्हणतो ते खरं नाही," त्या म्हणाल्या. "मी तुझ्यासाठी नाही म्हटलं नाही, अस्मुस. मी रीत म्हणून नाही म्हटलं. मूर्ख म्हातारी आहे मी." त्यांनी खुर्चीचे हात घट्ट धरले. पुढचं वाक्य बोलायला त्यांना फार जड गेलं, कारण तसं वाक्य त्या कधीच बोलल्या नव्हत्या. "मला कुरण हवंय. आणि तू हवास. दोन्ही हवंय मला. तिकडे झोपडीत नको, इथे हवास."

अस्मुसने आता वर पाहिलं. आईने असं नुसतं, कोणी न विचारता काही मागितलेलं त्याने कधी ऐकलं नव्हतं. त्याला लाज वाटली. आईची की स्वतःची, हे त्याला कळेना.

"माझ्या गुडघ्यांनी पळवत नाही," त्या म्हणाल्या. "तुम्ही दोघं जा. तो लेफ्टनंट पुढच्या शेतावर निरोप द्यायला गेला असेल, मग इंग्रजाशी बोलायला येप लागेल. शब्द मात्र तुझा लागेल."

अस्मुस उठला. कोट काढून खुर्चीवर टाकला. आणि मग तो घोडीशी न बोलता सरळ म्हणाला, "चल."

*

मोटार पुलाच्या रस्त्याने वळसा घालून गेली होती. भाऊ फळीवरून ओढा ओलांडून कुरणातून तिरपे धावले. अस्मुसला धाप लागत होती आणि पुढे धावणाऱ्या येपच्या पाठीवर घामाचा मोठा डाग वाढत चालला होता. गाई मान वर करून बघत राहिल्या.

मेजर आणि कॅप्टन ओढ्याच्या उतारावर होते; लेफ्टनंट खरंच पुढच्या शेतावर गेला होता. दोन मोजणीदारांनी कुरणाच्या बाजूच्या काठावर खुंट उभा केला होता, वर लाल-पांढरा पट्टा. मेजर घड्याळ बघत होता.

येप धापा टाकत इंग्रजीत बोलू लागला. अस्मुसला एक अक्षर कळत नव्हतं, पण हातवाऱ्यांवरून सगळं कळत होतं. येपने बोटं वर केली, एक, दोन, तीन. मग ताट पुढे करायची नक्कल केली, मग छातीवर हात ठेवून मान हलवायची. मेजरच्या मिशा हलल्या. तो हसत होता.

"काय म्हणतो?"

"म्हणतो, इतकी वर्षं सैन्यात काढली पण शेत देऊ केल्यावर लाजून नको म्हणणारी बाई पाहिली नाही. खरं वाटत नाही त्याला."

तेवढ्यात जपानी कॅप्टन पुढे आला. तो हळू आवाजात मेजरशी बोलला आणि त्यानेही बोटं वर केली. दोन.

"कॅप्टन म्हणतात, अजून दोनदा विचारायचं राहिलंय, ते विचारा," येप म्हणाला. त्याच्या आवाजात आशा होती.

मेजरने मान हलवली. त्याला अजून बरीच शेतं उरकायची होती. तो अस्मुससमोर येऊन उभा राहिला आणि एक वाक्य बोलला.

"तो म्हणतो, मी एकदाच विचारणार," येप म्हणाला. "कुरण घराबरोबर हवं की नको? हो किंवा नाही. मग तो खुंट ठोकायला सांगणार." तो थांबला. घाम पुसला. "अस्मुस, मी आपल्या पदरचं काही घालणार नाही. तू म्हणशील तेच सांगेन. नाही म्हणालास तर नाही सांगेन."

अस्मुसने दक्षिणेकडे पाहिलं. चरापलीकडे बार्ली पिवळी होत होती आणि तिच्यावर पलीकडच्या गावच्या चर्चचा मनोरा. तिथे त्याचा बाप्तिस्मा झाला, तिथल्या शाळेत तो गाणी शिकला, आणि तिथल्या चौकातून तो आणि निस एकाच सकाळी फुलं लावलेल्या टोप्या घालून युद्धावर निघाले. गप्प राहिलं तरी पुरे होतं. गप्प राहणं त्याला आयुष्यभर जमत आलं होतं. गप्प राहिला तर कुरण जर्मनीत, झोपडी जर्मनीत, निस ज्यासाठी गेला ते निदान एका कुरणापुरतं त्याच्या पायाखाली शिल्लक. कोणी त्याला दोषही दिला नसता. आईच नको म्हणाली होती.

आणि आई आत्ता खुर्चीत बसली असेल, खुर्चीचे हात घट्ट धरून.

त्याला कळलं, की जर्मनी जिथे आहे तिथेच राहणार आहे. त्याला ती रोज दिसेल. आई मात्र राहणार नाही. एवढं साधं गणित मांडायला त्याला फेब्रुवारीपासून इतका वेळ लागला होता.

"हो," तो म्हणाला. मान लाल झाली. भिकाऱ्यासारखं वाटलं त्याला. "हवंय. कुरण घराबरोबर हवंय."

येपने सांगितलं. मेजरने पुन्हा काहीतरी विचारलं.

"कोणत्या देशात, ते मालकाच्या तोंडून हवंय त्याला." येप आता जमिनीकडे बघत होता. "घर कोणत्या बाजूला आहे ते मी सांगितलं. पण तो म्हणतो, तूच म्हणायला हवंस."

अस्मुसने मनोऱ्याकडे पाठ फिरवली.

"डेन्मार्कमध्ये," तो म्हणाला.

हा शब्द भाषांतर न करता मेजरला कळला. त्याने नकाशा उघडला, ओढ्याच्या काठची निळी रेघ रबराने खोडली, आणि कुरणाला वळसा घालून चरापर्यंत नवी काढली. नकाशावर तिथे सीमेला पोट सुटल्यासारखं दिसू लागलं. आजही दिसतं. कॅप्टन मोरिशिताने अस्मुससमोर टाचा जुळवून इतकं खाली वाकून नमन केलं की अस्मुस गोंधळला आणि त्यानेही तसंच केलं.

मोजणीदार कुरकुरू लागले. खुंट उपटून पुन्हा चरापर्यंत वाहायचा होता.

"आम्ही नेतो," येप म्हणाला.

भावांनी खुंट उपटला. पुढचं टोक अस्मुसच्या खांद्यावर, मागचं येपच्या. कुरणातून ते एका चालीने चालले, कारण खांद्यावर एकच लाकूड असलं की दुसरा इलाज नसतो. अर्ध्या वाटेत येप मागून म्हणाला, "मला ठाऊक आहे तुला काय वाटतंय ते."

"तुला घंटा ठाऊक आहे," अस्मुस म्हणाला.

"बरं. नाही ठाऊक."

थोडं अंतर गेल्यावर अस्मुस म्हणाला, "निशाण नीट लावलं नव्हतंस तू छपरावर. दोरी उलटी गुंडाळलीस. दुसऱ्या दिवशी वाऱ्याने फाटलं असतं. मी जाऊन सरळ केलं."

येप चालता चालता थांबला, त्यामुळे लाकडाने अस्मुसला मागे खेचलं. "तू?"

"फुकट फाटू कशाला द्यायचं? कापड चांगलं होतं."

येप हसायला लागला. त्याला आवरेना. खुंट गदगद हलू लागला. "नीट धर," अस्मुस म्हणाला, "पडेल," आणि त्याच्या स्वतःच्या गळ्यातून जो आवाज निघाला तो हसण्याचा की रडण्याचा हे येपने विचारलं नाही.

चराशी मोजणीदाराने जागा दाखवली. येपने हातोडा उचलला.

"आण इकडे," अस्मुस म्हणाला. "तुझे घाव वाकडे पडतात."

त्याने तीन बोटांच्या हाताने खुंट धरला आणि उजव्या हाताने घाव घातले. लाकूड ओल्या मातीत सरळ उतरत गेलं. येप बाजूला उभा राहून बघत होता. त्याला पाहिजे होतं ते सगळं मिळालं होतं, मतदान, निशाण, कुरण, आणि तरी भावाच्या प्रत्येक घावासरशी त्याचे डोळे मिटत होते.

काम संपलं तेव्हा मागून पाण्याचा आवाज आला. बोटिला ओढ्यातून येत होती आणि तिच्या दंडाला धरून, घागरा गुडघ्यापर्यंत भिजलेला, केस्टीनेबाई. पुलावरून यायला त्यांना वेळ नव्हता. गवतातून लंगडत त्या खुंटापाशी आल्या. खुंट पाहिला. मग दोन मुलगे पाहिले. दोघंही खुंटाच्या अलीकडे उभे होते.

त्यांनी अस्मुसच्या बाहीला धरलं आणि नुसत्याच उभ्या राहिल्या. बोटिलाने उघड उघड रडून घेतलं, धुराचं नाव न घेता. सगळं संपलं होतं. युद्ध संपलं, मतदान संपलं, वाट बघणंही संपलं. एकाएकी अंगातली हाडं सैल व्हावीत तसं प्रत्येकाला झालं, आणि गाई मात्र चरत राहिल्या.

अस्मुसने हातोडा मोजणीदाराला परत दिला. मग चरापलीकडच्या मनोऱ्याकडे बोट दाखवून, जरा भांडणाच्याच सुरात म्हणाला, "रविवारी मी त्याच चर्चमध्ये जाणार. शिपाई असो नसो. प्रार्थना मी जर्मनमध्येच करणार, आधीच सांगून ठेवतो."

येपने तोंड उघडलं. बोटिलाने त्याचा पाय दाबला.

केस्टीनेबाईंनी मुलाच्या बाहीवरचा मातीचा डाग झटकला.

"जा की," त्या म्हणाल्या. "जेवायला घरी ये."